हे बटण बंद करू नये

छोटे, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, बाबांचा जुना लॅपटॉप तसाच पडून राहिला आहे, त्याचा वेब सर्व्हर केला तर चालेल का गं?" आणि विचारलंस ते इतक्या दबक्या आवाजात, की मला वाटलं आता एखाद्या मुलाचं नाव सांगते की काय. इकडे सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या, म्हणून "बघू" म्हणून मी फोन ठेवला. आता सगळे झोपलेत. निवांत लिहिते.

कर. बिनधास्त कर. पण लॅपटॉपला हात लावायच्या आधी बाबांकडून राउटरचा पासवर्ड मागून घे. वायफायचा नव्हे, तो तर अख्ख्या ले-आऊटमधल्या पोट्ट्यांना पाठ असेल. राउटरच्या आत शिरायचा जो असतो, तो. आपल्या घरात तो कुणालाच माहीत नसणार, पैज लाव. लाइन जोडायला आलेल्या मुलानं डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला तसाच ठेवला असेल, तो आधी बदल. 2017 मध्ये मी हे सुरू केलं तेव्हा माझा पहिला आठवडा या पासवर्डातच गेला. सिलिंडरचा नंबर कुणी लावायचा, मिक्सर कुणी दुकानात न्यायचा हे घरात ठरलेलं असतं ना, तसं "ते इंटरनेटचं" म्हणजे दादाच्या मित्राचं काम होतं. नेट बंद पडलं की त्याला फोन. तो संध्याकाळी येणार, चहा घेणार, डबा बंद करून चालू करणार, जाणार. कॉम्प्युटरचा डिप्लोमा माझ्याकडे, आणि मी कपबशा उचलायला. तुला हे कधी बोलले नव्हते. लोकांना मी सांगायचे की शिकायची हौस म्हणून सर्व्हर लावला. खरं तर त्या कपबशांच्या रागातून लावला.

सर्व्हर हा शब्द ऐकून मोठ्या थंडगार खोल्या आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोर येतात. तसं काही नसतं बाप्पा. कुणी दार वाजवलं की आतून उत्तर देणारा एक प्रोग्रॅम, आणि तो ज्या मशीनवर बसला आहे ते मशीन, संपलं. ब्राउझरनं पान मागितलं, त्यानं फाइल काढून दिली. जगातला पहिला वेब सर्व्हरही टेबलावरचाच एक कॉम्प्युटर होता. टिम बर्नर्स-लीनं 1990 च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत नेक्स्ट कंपनीच्या एका काळ्या डब्यावर तो चालवला आणि डब्यावर लाल शाईनं चिठ्ठी चिकटवली, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. हे मी वाचलं तेव्हा आईनं माझ्या सर्व्हरचं बटण चौथ्यांदा बंद केलेलं होतं. झोपायला जाताना घरभर फिरून सगळी बटणं बंद करणं हा तिचा नेम, तुला माहीतच आहे. मग मीही एक चिठ्ठी लिहिली, लाल स्केचपेननं. शोकेसच्या मागे बघ, अजून चिकटलेली असेल.

चिठ्ठीचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आईला एकदा खाली बसवून दाखवल्याचा. तिच्या सांबारवडीची कृती मी टाइप केली होती. तिच्याच फोनवर ती उघडून दिली आणि म्हटलं, "हे कुठून येऊन राहिलं सांग?" म्हणे गुगलमधून. मी शोकेसमागचा डबा दाखवला. बटण बंद केलं, पान गेलं. चालू केलं, दोन मिनिटांनी पान आलं. त्यानंतर तिनं ते बटण कधी बंद केलं नाही, उलट मावशी आली की तिलाही नेऊन दाखवायची. तेव्हा तूही आधी आईला दाखव, कॉलेजला मागून.

आता लॅपटॉपचं. तो पुसायच्या आधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरव, माझ्या लग्नाचे अर्धे फोटो त्यातच आहेत. एक बॅच गेली तरी मी तुला उभ्या जन्मात माफ करणार नाही. मग त्यावर विंडोजच्या जागी डेबियन टाक, डेस्कटॉपशिवाय, नुसता काळा पडदा. घाबरू नको, दोन आठवड्यांत बोटांना सवय होते. जुनं मशीन विंडोजखाली धापा टाकतं, या कामाला मात्र दोन जीबी मेमरीही भरपूर. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ती सवय मोडायला लॉगिनडी नावाच्या कॉन्फिग फायलीत झाकणाची ओळ शोध आणि तिथं 'इग्नोर' लिही. यावर मी एक अख्खा रविवार घालवला होता, तुझा तरी वाचू दे.

रास्पबेरी पाय घ्यावा का, असंही विचारलंस. 2012 मध्ये तो चिमुकला कॉम्प्युटर बाजारात आला तो मुलांना शिकता यावं म्हणूनच, आणि मस्त आहेच. पण आत्ता बर्डीच्या बाजारात जाऊन पैसे मोजू नको. विजेचा हिशेब मात्र मांड, कारण बाबा तोच विचारतील. पाय चारेक वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालला तर महिन्याला तीन युनिटांच्या आत. पडदा बंद असलेला लॅपटॉप बारा वॅट धरला तर साडेआठ-नऊ युनिट. बाबांच्या ऑफिसातून आलेला तो धूळ खात असलेला डेस्कटॉप 70 वॅटचा धर, झाले पन्नास युनिट! आणि तुला ठाऊक आहे, बिलात 100 युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर चढतो. पन्नास युनिटांपायी घरात रोज रामायण होईल. शिवाय लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे यूपीएस फुकटात. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वावधान सुटलं की लाइन दहादा जाते-येते, तेव्हा या बॅटरीची किंमत कळते.

पण त्याच बॅटरीची मला भीतीही वाटते, कारण आपला उन्हाळा. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीतल्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि नवतपात आपल्याकडे बाहेर 45-46 असतं. वरच्या खोलीत संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवत नाही, इतका स्लॅब तापलेला असतो. सर्व्हर तिथं ठेवायचा नाही. माळ्यावर तर अजिबात नाही. पश्चिमेची भिंत नको, बंद कपाट नको. खालच्या मजल्यावर, देवघराकडच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून हातभर वर आणि चारी बाजूंनी हवा खेळेल असा ठेव. कूलरसमोर ठेवायचा मोह होईल, मलाही झाला होता. कूलरची हवा थंड लागते ती ओली असते म्हणून, आणि तिच्याबरोबर रिकाम्या प्लॉटांवरची सगळी धूळ आत येते. त्या ओल्या धुळीनं माझ्या पहिल्या मशीनचा पंखा इतका चिखलला होता, की टूथब्रशनं खरवडावा लागला.

बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम, असं दोन्ही एकत्र राहिलं की ती लवकर म्हातारी होते, कधी फुगते. मशीनमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लाव. महिन्यातून एकदा लॅपटॉप सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतो का बघ. डुगडुगला, खालचं झाकण उचललेलं दिसलं, तर त्याच क्षणी बंद कर आणि बॅटरी दुकानात काढून घे. चाकू-स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते पाच सर्व्हर बंद ठेवलास तर काय आभाळ कोसळणार आहे? तुझं पान बघायला कोण खोळंबलं आहे? मे महिन्यात दुपारी नागपुरात माणसं बंद असतात, मशीनला का जुंपायचं? आकाशात कडकडाट सुरू झाला की मात्र राउटर आणि लॅपटॉप दोन्हींचे प्लग उपटायचे. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, अ‍ॅडॉप्टरच्या वायरीतून येते.

पहिले दोन महिने सर्व्हर घरातल्या घरातच ठेव. हे मी मोठी बहीण म्हणून नाही, तोंड पोळलेली बाई म्हणून सांगते. तुझ्या राउटरनं प्रत्येक फोनला, टीव्हीला 192.168 नं सुरू होणारा एक पत्ता दिलेला असतो. हे पत्ते फक्त घराच्या उंबरठ्याच्या आत चालतात. राउटरमध्ये शिरून लॅपटॉपचा पत्ता कायमचा बांधून टाक, नाहीतर लाइन जाऊन आली की तो बदलतो आणि आपण शोधत बसतो. मग एनजिनएक्स किंवा अपाची, दोन्हींपैकी कोणताही वेब सर्व्हर टाक. यावर पोरं हमरीतुमरीवर येतात, तू येऊ नको.

पहिलं पान मराठीत कर. माझं पहिलं पान उघडलं तेव्हा अक्षरांच्या जागी डोक्यावर रेघ मारलेले परके 'ए' आणि कसल्याशा खुणा आल्या होत्या. वाटलं व्हायरस. कारण एवढंच, की ब्राउझरला मी सांगितलंच नव्हतं की फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे. या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'हुडकेश्वर' लिही आणि मोज: ह, उकार, ड, क, मात्रा, श, हलन्त, व, र. नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. ब्राउझर त्यातला एकेक बाइट सुटा वाचून परकं अक्षर काढत होता. वर्गात हे मला दोनदा शिकवलेलं, डोक्यात शिरलं ते आपल्या गावाचं नाव मोडलेलं पाहिलं तेव्हा. आणि पुढे कधी स्वतःचं डोमेन घ्यावंसं वाटलं, तर नावही देवनागरीत घेता येतं, 'डॉट भारत' 2014 च्या ऑगस्टपासून मिळतं.

लॉग वाचायची सवय लाव. सर्व्हर कुणाला काय दिलं याची ओळीओळीनं नोंद ठेवतो, किराणावाल्याच्या वहीसारखी. तारीख, वेळ, कुणी मागितलं, काय मागितलं, दिलं का. 200 म्हणजे दिलं, 404 म्हणजे असं काही नाहीच, 500 म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं. काही मोडलं की आधी लॉग, मग गुगल, मग कुणीतरी दादा. या क्रमात बदल करायचा नाही.

बाहेरच्या जगासाठी दार उघडायची घाई झालीच, तर दोन गोष्टी.

पहिली, बहुधा ते उघडणारच नाही, आणि तो तुझा दोष नसेल. इंटरनेटचे जुने पत्ते सगळे मिळून सुमारे 430 कोटीच होते, आणि त्यांचा जागतिक साठा 3 फेब्रुवारी 2011 ला वाटून संपला. आपण पंगतीला उशिरा बसलो, तोवर जिलबी उडालेली. म्हणून आता बऱ्याच कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. मोठ्या फ्लॅट स्कीमसारखं समज: रस्त्यावर पाटी एक, आत दारं चाळीस, आणि चौकीदाराला कोण कुठं राहतं ते ठाऊक नाही. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून नेमकं तुझ्या दाराशी कुणाला येता येत नाही. राउटरच्या आत बाहेरच्या बाजूचा पत्ता बघ. 100.64 ते 100.127 यांतल्या कशानं सुरू होत असेल, तर तू फ्लॅट स्कीममध्ये आहेस. मग कंपनीकडून जादा पैसे देऊन कायमचा पत्ता घे, नाहीतर नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही-6 चा पत्ता मिळतो का विचार, तिथं जिलबी संपत नाही. किंवा वायरगार्डसारखा बोगदा काढ. त्याला बाहेर भाड्याचं एक छोटं मशीन लागतं. कंपनीचा करारही वाच, काही घरगुती प्लॅनमध्ये सर्व्हर चालवायला मनाई असते.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते. तेव्हा आपल्याला खरा पत्ता मिळालेला होता. मी राउटरमध्ये 22 नंबरचं पोर्ट उघडलं, दुरून मशीनमध्ये शिरायचं दार असतं ते, आणि करून पाहायला म्हणून 'टेस्ट' नावाचा एक युजर केला. पासवर्ड 'टेस्ट123'. हस आता. पंधरा मिनिटांत लॉगमध्ये अनोळखी पत्ते दार ठोठावायला लागले. 'अ‍ॅडमिन', 'रूट', 'ओरॅकल', अशी नावं एकामागून एक. मला तर गंमत वाटली, आपलं घर कुणालातरी सापडलं म्हणून! तिसऱ्या रात्री दोन वाजता पंख्याच्या घरघरीनं जाग आली. कुणीतरी आत शिरलेलं होतं, आणि माझं मशीन आता दुसऱ्यांची दारं ठोठावत होतं. मी वायरच उपटली. अंधारात हॉलमध्ये बसून रडले, कारण चोरी झाली असती तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं.

तो माणूस नव्हताच, हे नंतर समजलं. असे प्रोग्रॅम सगळ्या जगाचे पत्ते ओळीनं चाळत असतात. 2016 मध्ये मिराई नावाच्या अशाच एका किड्यानं कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. त्याच्याकडे हत्यार काय होतं? कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या. म्हणून मी सुरुवातीलाच तो स्टिकरवरचा पासवर्ड बदलायच्या मागे लागले होते. दुरून शिरायचं ते पासवर्डनं नाही, की-फाइलनं. पासवर्डचा रस्ता बंदच कर. अपडेट दर आठवड्याला. उघडायचीच तर पानांची दोनच दारं, 80 आणि 443. कुलूपवाल्या पत्त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

आणखी एक, हे फक्त तुला सांगते. कॉलेजात कुणीतरी भेटेलच, "लाव ना, मी सेट करून देतो, पासवर्ड पाठव." चांगला मुलगा असेल, खरंच मदत करायची असेल. तरी पासवर्ड पाठवायचा नाही. त्याला म्हण, शेजारी बस आणि सांग. कीबोर्ड तुझ्या हातात राहू दे. तो वैतागेल, तू हळू आहेस म्हणेल. म्हणू दे. मी एकदा दिला होता. काम वीस मिनिटांत झालं, आणि पुढचं वर्षभर माझ्याच मशीनमध्ये काय केलेलं आहे ते मला त्याला विचारावं लागत होतं. पानावर घराचा फोटो, फोन नंबर, ले-आऊटचं नाव असलं काही टाकू नको. डोमेन घेतलंस तर नोंदणीत दिलेला पत्ता सगळ्यांना दिसणार नाही, याची आधी खात्री कर.

बॅकअपबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी थोडकंच बोलते. दुसऱ्या मशीनवर मी मेमरी कार्डावरून काम चालवत होते. एका संध्याकाळी पाचदा लाइन गेली, कार्ड मेलं, आईच्या तीस कृती गेल्या. बॅकअप होता! उघडून बघितला तर रिकामा, चार महिने रोज रिकामी फाइल इमानदारीनं साठत होती. तर महिन्यातून एका रविवारी, आहे ते सगळं पुसलं असं समजून बॅकअपवरून पुन्हा उभं करून बघायचं. ज्या दिवशी ते एका तासात जमेल, त्या दिवशी मला फोन कर, पार्टी माझ्याकडून.

"फुकटात साइट मिळतात, मग हे कशाला?" असं दादा विचारेल. भैताडाला उत्तर देत बसू नको. पान दाखवायचंच असतं तर फुकटचं घेतलंच असतं की. मला विचारशील तर त्या दोन वर्षांत मला एकच गोष्ट पुरती समजली: आईच्या फोनपासून शोकेसमागच्या डब्यापर्यंत मधे काय काय आहे, आणि त्यातलं काय बिघडलं की काय दिसतं. आजही ऑफिसात सगळे "सर्व्हर डाऊन, सर्व्हर डाऊन" करतात, तेव्हा मी आधी नाव लागतं का बघते, मग पत्ता, मग पोर्ट, मग लॉग. चहा कोण आणतं ते आता मी बघत नाही.

मी रविवारी येते, सकाळीच. तर्री-पोह्याचं आईला सांगून ठेव. मेलेलं कार्ड मी टाकलेलं नाही, दागिन्यांच्या डबीत आहे, घेऊन येते. तुझ्या डेबियनवर लावून त्यातून काही निघतं का बघू. निघालं नाही तर आई आहेच, पुन्हा सांगेल. मात्र या वेळी टाइप तू करायचं. सांबारवडीत खसखस किती, ते ती दर वेळी वेगळं सांगते, तेवढं तारखेसकट लिहून ठेव.